सोनाआक्कांच्या बांधावरचं जेवण

रोज दुपारी संगणकासमोर डबा उरकताना एकदा मी चिडून ठरवलं, एक तरी जेवण जेवणासारखं जेवायचं. शेजारच्या टेबलावरच्या शबानाचं माहेर भोरचं. तिने वेल्ह्यापुढच्या वाडीतल्या सोनाआक्कांचं नाव सांगितलं. शनिवारी त्यांच्याकडे इर्जिक होती, म्हणजे शेजारीपाजारी आळीपाळीने एकमेकांची भातलावणी करून देतात आणि घरधनीण दुपारी सगळ्यांना जेवू घालते. मला ऐकू आलं ते फक्त जेवण.

स्कूटरला टोल नाही, त्यामुळे कात्रजवरून मजेत निघाले. नसरापूरला साठ रुपयांत झणझणीत मिसळ मिळाली. वेल्ह्यापर्यंत रस्ता बरा आहे, पुढचे खड्डे मात्र मुकाट सोसायचे.

पोचले तेव्हा आक्का चिखलात उभ्या होत्या. स्वयंपाक चौदा जणांचा झालेला आणि आलेले जेमतेम सहा. बाकीचे मजुरी मिळाली म्हणून दुसरीकडे गेले होते. रोपं उपटून ठेवलेली. आज लागली नाहीत तर वाया जाणार होती.

"तुमी पावन्या. घरी चला, वाढते," आक्का म्हणाल्या.

"आणि तुम्ही?"

"खाचर सपल्याबिगर आमी न्हाई जेवत."

मग मीही हट्टाला पेटले. सलवार खोचली आणि खाचरात उतरले. माझी पहिली रांग आक्कांनी उपटून पुन्हा लावली. दोन वाजले, तीन वाजले. पाठ बोंबलत होती, भुकेने डोकं फिरलं होतं, न आलेल्यांचा मला भयंकर राग आला होता. बांधावर आणून ठेवलेल्या जेवणाच्या टोपल्याकडे कुणी मान वळवून बघत नव्हतं, म्हणून मीही बघितलं नाही. पावणेचारला शेवटची मूठ लागली.

तांदळाची भाकरी, वाटाण्याची आमटी, सुकटीची चटणी. बांधावर ओळीने बसून आम्ही आठ जणांनी टोपलं रिकामं केलं. इतकं चवीचं मी वर्षानुवर्षं जेवले नव्हते. निघताना पाकीट काढलं.

"ठेवा ते. हितं जेवनाचं पैसं न्हाई घेत. नंबर द्या तुमचा."

मी काढलेले फोटो हवे असतील, असं मला वाटलं.

घरी आल्यावर दोन दिवस धड वाकता येत नव्हतं. गुरुवारी ऑफिसात डबा उघडला आणि फोन वाजला.

"म्या कमल, सोनाआक्काच्या शेजारची. तुमी त्यांच्या इर्जिकीत जेवलात न्हवं? शनवारी आमची लावणी हाय. सातला या."

पाहुणचार घेऊन आले असं मी सगळ्यांना सांगत फिरत होते. जेवले त्याच क्षणी मी त्यांच्यातली एक झाले होते, हे आत्ता कळलं.

"येते," मी म्हणाले.

"आक्का म्हनल्या, तुमची रांग लई वाकडी जाती. तरी या."