'छान'ला बंदी

फ्रेमवाल्याच्या घरात 'छान' म्हणायला बंदी होती. गिऱ्हाइकांची चित्रं तो अधूनमधून एका रात्रीपुरती घरी आणायचा आणि पोरींच्या उंचीवर ठोकलेल्या खिळ्याला अडकवायचा. मोठ्यांनी वाकून बघावं, त्यांची काही कंबर मोडत नाही, असं त्याचं म्हणणं. तो हातावरचा सरस धुऊन येईपर्यंत दोघींनी गप्प बघायचं, मग बोलायचं.

"छान म्हणजे बघितलंच नाही," तो दटावायचा. "दिसतं ते सांगा."

स्वतःला त्याला चित्रांतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण लोक हौसेनं आणलेलं चित्र सोडून फ्रेमच न्याहाळतात, हे त्यानं जन्मभर पाहिलं होतं. आपल्या पोरी तरी अशा होऊ नयेत, एवढीच त्याची हाव. एकदा धाकटी फळांच्या चित्राला नाक लावून म्हणाली, "बाबा, भांड्याची सावली काळी नाहीये. जांभळी आहे." बापाला आभाळ ठेंगणं झालं. बायकोला त्यानं चुलीपुढून ओढत आणून ती सावली दाखवली.

मग बायको आजारी पडली. दवाखान्याच्या जिन्यात डॉक्टरांनी त्याला बाजूला घेतलं. "आता औषधं दुखणं कमी करायला. बरं करायला नाहीत." त्यानं ते गिळून टाकलं आणि घरी येऊन सांगितलं, रिपोर्ट चांगले आलेत.

खोटं एकटं राहत नाही, त्याला सोबत लागते. मदतीला आलेली त्याची बहीण सकाळ-संध्याकाळ घोकू लागली, "वहिनी, आज कशी टवटवीत दिसतेस!" मोठीला तिनं कोपऱ्यात घेऊन बजावलं, आईसमोर रडायचं नाही, भलतंसलतं बोलायचं नाही. फ्रेमवाल्यानं भिंतीवरचा आरसा उतरवला आणि मागची फळी ओलावलीय म्हणून दुकानात नेऊन ठेवला. चित्रं आणणं बंद झालं. ज्या घरात 'छान'ला बंदी होती तिथं आता त्याचाच बाजार भरला.

बायको काही दूधखुळी नव्हती. आरसा दुरुस्तीला गेला की परत येतो, हे फ्रेमवाल्याच्या बायकोला कुणी शिकवायला नको. हा आलाच नव्हता.

एका संध्याकाळी तो दुकानातून आला, तर तिनं धाकटीला खाटेजवळ उभं केलं होतं.

"चित्र बघतेस ना, तसं मला बघ. काय दिसतं?"

"आई छान दिसते, हो की नाही गं?" आत्या घाईघाईनं म्हणाली.

"वन्सं, तिला बोलू द्या."

"अगं, पडून राहा ना जरा," फ्रेमवाला दारातूनच म्हणाला. तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

धाकटी नेहमीसारखी पुढे झुकली. "डोळ्यांतलं पांढरं पिवळं झालंय. ओठांना रंगच नाही. गालाला खड्डा पडलाय, त्यातली सावली हिरवट आहे." तिनं आईच्या गालाला बोट लावलं. "आधी इथं खड्डा नव्हता."

पोरीच्या तोंडावर हात ठेवावा असं त्याला वाटलं. पण हे बघणं त्यानंच शिकवलं होतं. आता कुठल्या तोंडानं अडवणार होता? तेवढ्यात मोठी हमसून रडायला लागली. "मला पण दिसत होतं! पण आत्या म्हणाली, बोलायचं नाही."

बायकोनं दोघींना खाटेवर घेतलं. मोठीचं रडणं थांबेपर्यंत ती तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग नवऱ्याला म्हणाली, "अहो, डॉक्टर खरं काय म्हणाले?"

बहिणीनं पदर तोंडाला लावला. तो खाली बसला आणि जिन्यात ऐकलेलं सगळं त्यानं सांगितलं, काही न वगळता. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. तिच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला, आणि ते पाहून त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"बरं झालं सांगितलंत," ती म्हणाली. "इतके दिवस या घरात मी एकटीच मरत होते."