फक्कीने आखलेलं स्वयंपाकघर

माझी कंबर गेली ती शिलाई मशीनवर वाकून वाकून. सौंदडमधल्या कितीतरी बायांचे ब्लाऊज मी शिवते. त्या ताठ चालतात आणि मी वाकडी झाले. डॉक्टर म्हणाले, खाली वाकायचं नाही आणि जमिनीवर बसून स्वयंपाक तर मुळीच नाही. सासूबाईंचं नेमकं उलटं. उभ्या राहिल्या की त्यांच्या पिंढऱ्यांच्या शिरा टरटरून फुगतात, पाय सुजतात. पाटावर पाय पसरून बसल्या तर मात्र दहा माणसांचा स्वयंपाक हसत करतील. एकीला वाकता येत नाही, दुसरीला उभं राहता येत नाही, आणि स्वयंपाकघर एकच.

आमची गॅसची शेगडी पूर्वी खाली फरशीवर होती. कंबर गेल्यावर नवऱ्याने ती जुन्या लोखंडी टेबलावर चढवली. माझं भागलं, पण भाताचं काय? आमच्याकडे कुकरचा भात कोणाला चालत नाही. मोठ्या गंजात भरपूर पाणी घालून तांदूळ शिजवायचा, मग झाकण दाबून गंज कलता करायचा आणि पेज खालच्या भांड्यात गाळून घ्यायची. याला आम्ही भात पसवणं म्हणतो, आणि ते बसूनच जमतं. तेव्हा रोजची वरात ठरलेली. भात शिजला की मी हाक मारायची, नवरा येऊन गंज खाली ठेवणार, सासूबाई पसवणार. नवरा शेतात असला की भाताची खीर. मग तो जेवताना तोंड वाकडं करायचा आणि माझं डोकं फिरायचं.

यंदा धान चांगला झाला, तेव्हा मी सांगून टाकलं, "आता स्वयंपाकघर नवीन करू." नवराही तयार झाला. आम्ही दोघं गाडीने गोंदियाला गेलो. दुकानातल्या पोराने कॉम्प्युटरवर आमची खोली उभी केली. तिन्ही भिंतींना ओटा, खाली सरकणाऱ्या ट्रॉल्या, वर चिमणी. चिमणी बघून नवरा कुजबुजला, "नाकापेक्षा मोती जड." पोराने तांदळाचा ड्रॉवर दाखवला. त्यात आमचा दोन दिवसांचा तांदूळ मावला असता. तरी चित्र असं चकचकीत होतं की मी भुलले. ओट्याशी उभी असलेली, साडीला एक डाग नसलेली मी मला दिसायला लागले.

घरी आल्यावर पोराने छापून दिलेला नकाशाचा कागद मी मशीनवर ठेवला आणि मनात काहीतरी टोचायला लागलं. मी कधी खडूने आखल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाही. इथे तर भिंती फुटणार होत्या. म्हणून सकाळी अंगण झाडलं आणि नवऱ्याकडून फक्की मागवली. पाया आखताना टाकतात ती पांढरी भुकटी. कागद हातात धरून आम्ही अख्खं स्वयंपाकघर अंगणात आखलं, जसंच्या तसं, खऱ्या मापाचं. दार कुठे, शेगडी कुठे, सिंक कुठे. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "काय वं, कबड्डी खेळून राहिले का?"

"सयपाक करून राहिलो," मी म्हटलं. "ये जेवाले."

मी रिकामी भांडी आणली आणि आखलेल्या ओट्याशी उभी राहिले. हवेत फोडणी घातली, हवेत पोळी लाटली. कंबर दुखली नाही. मला इतका आनंद झाला की सासूबाईंना हाक मारली. त्या काठी टेकत आल्या, पाट आणि गंज घेऊन नवरा त्यांच्या मागे. त्यांनी आखणी नीट बघितली. मग नवऱ्याला रेघेच्या बाहेर, तुळशीजवळ पाट ठेवायला सांगितला आणि तिथे बसल्या.

"आई, तिकडे काऊन बसल्या?" मी विचारलं.

"अंदर जागा कोठी आहे?" त्या म्हणाल्या. "हे उभ्याचं घर आहे. मी इथं बसून लसन सोलून देत जाईन. तू कर वं, चांगलं आहे."

त्या रुसल्या असत्या तर मी भांडले असते. त्या रुसल्या नव्हत्याच. त्यांनी मनाशी सगळं ठरवून टाकलं होतं. जिच्या हातचा भात खाऊन हे घर वाढलं ती बाई बिनतक्रार रेघेबाहेर जाऊन बसली होती, आणि ती रेघ मी ओढली होती. मला फार वाईट वाटलं. आणि मला वाईट वाटलं की आधी राग येतो. मी नवऱ्यावर ओरडले, "भात कोठी पसवाचा ते त्या पोराले इचारलं का तुमी?"

"तू इचारलं का?" तो म्हणाला.

दोघांनीही विचारलं नव्हतं. ओट्याला ग्रॅनाइट कोणत्या रंगाचं, यावर मात्र आम्ही येताना गाडीभर वाद घातला होता.

मी चपलेने दाराकडची रेघ पुसली. तिथला उंच ओटा तोडला आणि पुढे बसका ओटा आखला, त्यावर एक छोटी शेगडी. त्याच्या बाजूला जमिनीलगत मोरी, म्हणजे पेजेचं भांडं तिथेच ठेवता येईल. भात तिथेच शिजेल, तिथेच पसवला जाईल, गंज कोणी उचलायला नको. दोन ट्रॉल्या गेल्या, चिमणी गेली. नवऱ्याने पाट उचलून आत ठेवला आणि आईचा हात धरून तिला आत आणलं. त्या बसल्या. पाय पसरले, इकडे तिकडे बघितलं आणि मला म्हणाल्या, "मीठ दे." मी उंच ओट्यावरून हवेतलं मीठ दिलं. नवरा हसायला लागला, मग आम्हीही.

दुकानातल्या पोराला फोन केला तर तो कळवळला, "दीदी, ऐसा कौन बनाता है? पूरा लुक बिगड़ जाएगा."

"लुक को भात पसाना है क्या?" मी म्हटलं. त्याच्याकडून फक्त उरलेल्या ट्रॉल्या घ्यायच्या ठरल्या. बाकी काम गावातल्या मिस्त्रीकडे.

परवा मिस्त्री टेप घेऊन आला. अंगणातली फक्की आता पुसट झाली आहे, पण तिच्यावर पाय द्यायचं आम्ही सगळेच टाळतो. सासूबाई पाटावर बसल्या, रिकामा गंज कलता धरला, आणि मी मिस्त्रीला ब्लाऊजचं घेतात तसं माप घ्यायला लावलं, कोपरापासून जमिनीपर्यंत. मग मी उभी राहिले.

"तिचं नीट घे," सासूबाई त्याला म्हणाल्या. "तिले लय वर्सं उभं राहाचं आहे."

मिस्त्री मापं लिहून घेत होता. सासूबाई फक्कीच्या रेघेवरून हात फिरवत माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अन् मी गेल्यावर हा खालचा ओटा फोडू नोको. तुयेही पाय थकतीन एक दिवस."

माझे डोळे भरले. रडणं लपवायला मला एकच गोष्ट येते, ती केली. "आधी बांधू तर द्या," मी खेकसले. "मिस्त्रीदादा, तो खालचा ओटा जरा रुंद घ्या. दोघींना बसता आलं पाहिजे."