शिळं पाणी

परभणीत माझं माशांचं दुकान आहे आणि गिऱ्हाइकावर मी फार लवकर भडकतो. पण पेडगावच्या सटवाजीमामांनी माझा जेवढा जीव खाल्ला, तेवढा कुणीच खाल्ला नाही.

मामा गावातले निवृत्त पाणीवाले. तीस वर्षं त्यांनी पाण्याच्या टाकीत ब्लिचिंग पावडर टाकली. आपल्या काळात गावात एकालाही हगवण लागली नाही, हे ते ओळख होताच सांगतात. पोळ्याला नात अपेक्षा येणार म्हणून त्यांनी माझ्याकडून काचेची पेटी आणि चार गोल्डफिश नेले. पाण्यात पावडर टाकली, तिच्यासमोर मासे सोडले. तासाभरात चारही उताणे. "आजोबा, तुमीच मारले!" म्हणून पोरगी जाईपर्यंत रडली. दिवाळीला ती पुन्हा येणार होती. त्याच्या आत मामांना पेटी माशांजोगी करायची होती.

मी समजावलं. पावडरीनेच मासे मेले, ती पुन्हा नको. शिवाय माशांच्या घाणीतून पाण्यात विष तयार होतं. ते खाणारे जंतू खड्यांना, फिल्टरच्या स्पंजाला धरावे लागतात. साध्या पाण्यात रोज चिमूटभर खाद्य टाका, ते कुजलं की जंतू पोसतात, फिल्टर चालू ठेवा, महिनाभर मासे नकोत.

"थांबा. जंतू पाळायचे?"

"हो."

"घरात?"

"पेटीत, मामा!"

"आवो भाऊ, जंतू मारायचाच पगार खाल्ला म्या. आता कोन्ते मारायचे आन् कोन्ते पाळायचे, हे वळखायचं कसं?"

मला नीट सांगता येईना, म्हणून रागच आला.

मग रोज फोन. "लाइट गेल्यावर ते मरतेत का?" "वास यायलाय, येऊ द्यायचा का?" विसाव्या दिवशी आवाज एकदम खुशीत. नळ आला होता. आमच्याकडे नळ आठवड्याने येतो, आणि आला की आधीचं सगळं पाणी शिळं. ते ओतायचं, भांडी घासायची, ताजं भरायचं. मामांनी पेटीही ओतली, खडे आणि स्पंज साबणाने धुतले. वर सवयीने पावडर. "लय चकचकीत झाली, भाऊ!"

मी काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. पलीकडून बारीक आवाज आला, "मंग दिवाळीपस्तोर?"

मला माझीच लाज वाटली. मी त्यांना बोलावून दुकानातल्या जुन्या टाकीचा मळका स्पंज दिला. पावडरीचं पाणी ओतून साधं भरा आणि हा आत ठेवा, म्हटलं, यातले जंतू पेटीत लवकर पसरतात. मामांनी तो ओंजळीत धरला, उलटापालटा करून पाहिला आणि तसेच बसमध्ये चढले.

दिवाळीच्या आदल्या दिवशी ते अपेक्षाला घेऊन आले. त्यांनी बाटलीतून आणलेल्या पेटीच्या पाण्यात मी तपासणीचे थेंब टाकले. रंग पिवळा, म्हणजे विष नाही. मी दोन मासे पिशवीत भरून पुढे केले, तर मामांनी हात मागे घेतले.

"तुमीच चला, भाऊ. मासे तुमी सोडा. माझ्या हाताचा आता मलाच भरोसा न्हाई."

ऐन सणाच्या गर्दीत मी शटर ओढलं.