एक पणती कमी होती
तुपाची वात विझतानाचा करपट वास आला की मला मुठेच्या घाटावरची ती त्रिपुरी पौर्णिमा आठवते. पूर्वी त्या संध्याकाळी आसपासची माणसं घरून एकेक पणती आणून पायरीवर ठेवत आणि ती विझेपर्यंत शेजारी बसत. मग आमच्या मंडळानं दीपोत्सव सुरू केला. हजारो पणत्या मांडून मंडळाच्या नावाची अक्षरं काढायची आणि पुलावरून फोटो घ्यायचा. त्या वर्षी शेवटच्या अक्षराला नेमकी एक पणती कमी पडली. कडेला एक आजोबा स्वेटर, कानटोपी घालून आपली पणती लावून बसले होते. "बायकोनं वळलेली ही शेवटची वात," मी न विचारताच त्यांनी मला सांगितलं होतं. ते देवळात नमस्काराला गेले तेवढ्यात मी ती पणती उचलली आणि अक्षर पुरं केलं. परत आल्यावर ते वाकून रांगारांगांतून शोधायला लागले. मी म्हणालो, "आजोबा, पणत्या सगळ्या सारख्याच असतात. कुठलीही आपली समजा आणि बाजूला बसा, फोटोत येताय." पोरंपोरी हसली. आजोबा मान डोलावून कडेच्या एका परक्या पणतीपाशी बसले आणि ती विझेपर्यंत उठले नाहीत. तो फोटो आमच्या हॉलमध्ये आहे. पाहुणे कौतुक करतात. त्या हजारोंतली आजोबांची पणती कुठली, हे मला डोळे मिटूनही दाखवता येईल.