व्हर्लीनची नवी जोडी

व्हर्लीन ह्रुश्काला खोटं बोलायची सवय नव्हती, पण त्या उन्हाळ्यात ती घरात रेटून खोटं बोलली. बाबांची रिव्हॉल्व्हरांची जोडी आपल्याला आताशा आवडत नाही, असं तिनं जाहीर करून टाकलं.

नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्यांमध्ये ह्रुश्कांची गुरं चार पिढ्यांपासून चरत होती. व्हर्लीन सकाळ-संध्याकाळ शाळेची बस चालवायची, मधल्या वेळात गुरं बघायची आणि शनिवारी घोड्यावरून नेमबाजी करायची. कमरेला दोन रिव्हॉल्व्हर लावून, घोडा भरधाव सोडून, रिंगणातल्या खांबांवरचे दहा फुगे फोडायचे. काडतुसात शिसं नसतं, नुसती दारू. तिच्या जळत्या कणांनीच फुगा फुटतो. एक फुगा राहिला की वेळेत पाच सेकंदांचा दंड. साठीला टेकलेली ही बाई सॉर्गम नावाच्या तांबड्या घोड्यावरून वळण घ्यायची तेव्हा कठड्यावरची तरुण पोरंही गप्प व्हायची.

तिची जोडी बाबांची. लुडविक ह्रुश्कांनी ती ऐन तारुण्यात घेतली होती. रिव्हॉल्व्हर जुन्या घडणीची, प्रत्येक बाराआधी अंगठ्यानं मागचा घोडा, म्हणजे हातोडीसारखा खटका, ओढावा लागायचा. ओढताना चार वेळा कट्‌कट्‌ वाजे. तो आवाज बाबांना चर्चमधल्या ऑर्गनहून प्यारा.

पण वसंतात वासरं हाकताना लोखंडी फाटक आपटलं आणि व्हर्लीनचा उजवा अंगठा त्यात सापडला. बाबा आदल्या रात्रीच म्हणाले होते, "मायलो येईपर्यंत थांब, एकटीनं ते फाटक हलवू नकोस." मायलो म्हणजे तिचा धाकटा भाऊ, शेजारच्याच कुरणावर राहायचा. व्हर्लीन थांबली नाही. अंगठ्याला चिकटपट्टी गुंडाळली, कुणाला चकार शब्द न बोलता बस घेऊन निघाली आणि एकाही पोराला उशीर होऊ दिला नाही. अंगठा भरून आला, पण वाकडा. जुन्या रिव्हॉल्व्हरचा घोडा उंच आणि अरुंद. त्याच्यापर्यंत अंगठा पोचेपर्यंत फुगा मागे पडलेला असायचा. जून महिन्यात एकही शनिवार असा गेला नाही की तिचे दोन-तीन फुगे शिल्लक राहिले नाहीत.

मग ती शहरात जाऊन नवी जोडी घेऊन आली. घडण तीच, पण घोडा खाली उतरवलेला आणि रुंद.

"हे काय?" बाबांनी खोकं उघडून विचारलं. वय अठ्ठ्याऐंशी, पण नजर ससाण्याची.

"नवी जोडी."

"जुनीला काय धाड भरली?"

"कंटाळा आला."

"कंटाळा!" बाबांनी टोपी टेबलावर आपटली. "ऐकलंस का मायलो? हिला कंटाळा आला! उद्या बापाचा येईल."

मायलो कॉफीत कोलाचे, म्हणजे जॅम भरलेला गोड पाव, बुडवत म्हणाला, "बाबा, नवी घडण चांगली असते. सगळेच घेतायत."

"सगळे मेंढरं पण पाळतात!"

गाईंच्या मुलखात यापेक्षा मोठी शिवी नव्हती. मायलोनं दुसरा कोलाचे उचलला. अंगठ्याचं सांगितलं असतं तर विषय तिथंच मिटला असता. पण मग फाटकाचं निघालं असतं, आणि 'मी सांगितलं होतं' हे बाबांच्या तोंडून ऐकण्यापेक्षा तिला कंटाळलेली मुलगी म्हणवून घेणं परवडत होतं. ताठा दोघांचा एकाच साच्यातला होता.

गावच्या जत्रेतल्या नेमबाजीच्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी बाबांनी तिला स्वयंपाकघरात बोलावलं. टेबलावर दोन्ही जोड्या, रिकाम्या, ओळीनं मांडलेल्या.

"बस. कुठली घ्यायची ते आज ठरव. पण आधी हिची चाल नीट बघ. लोण्यासारखी आहे, लोण्यासारखी."

त्यांनी जुनी उचलली, छताकडे धरली आणि घोड्यावर अंगठा ठेवला. एकदा कट्‌ झालं आणि अंगठा घसरला. त्यांनी पुन्हा ठेवला. पुन्हा घसरला. थंडीवाऱ्यात दोर ओढून गाठी झालेला म्हातारा अंगठा तेवढा वर जातच नव्हता.

व्हर्लीननं मान फिरवून खिडकीबाहेर बघितलं. बाबांची फजिती बघायची तिची छाती नव्हती.

मग मागं दुसराच आवाज आला, भरीव आणि सलग. तिनं वळून बघितलं. बाबांच्या हातात नवी होती, घोडा पूर्ण मागे.

"हं," बाबा म्हणाले. "खाली ठेवलाय. अक्कल आहे बनवणाऱ्याला." मग तिच्याकडे न बघता, "अंगठा दाखव."

"काय?"

"अंगठा, व्हर्लीन. वसंतापासून तू डाव्या हातानं बरण्या उघडतेस. मी म्हातारा झालोय, आंधळा नाही."

तिनं हात पुढं केला. बाबांनी तो वाकडा सांधा चाचपला, वळवून बघितला.

"फाटक?"

"फाटक."

व्हर्लीन वाट बघत राहिली, आता येईल ते वाक्य. ते आलं नाही.

"आणि बस नेलीस त्या दिवशी?"

"नेली."

"ह्रुश्का आहेस," एवढंच बोलून बाबांनी नवी जोडी तिच्या पुढ्यात सरकवली. "ही घे. ही जुनी मी विकत आणली ना, तेव्हा तुझा आजोबा आठवडाभर माझ्याशी बोलला नव्हता. म्हणे, माझ्या बापाची जोडी काय वाईट होती? ती मी गुपचूप विकून ही आणली होती."

"हे कधी सांगितलं नाहीत!"

"कुणी विचारलं?"

जत्रेत रिंगणाभोवती गर्दी होती. बसमधली पोरं कठड्यावर चढून "मिस एच! मिस एच!" ओरडत होती. मायलोनं ट्रक कुंपणाला लावून बाबांना पुढच्या सीटवर बसवलं होतं.

सॉर्गमला तिनं टाच दिली. पहिला फुगा गेला, दुसरा, वळणावरचा तिसरा. अंगठा दर वेळी रिव्हॉल्व्हरच्या घोड्यावर असा बसत होता जणू तिथंच वाढलाय. पाच झाल्यावर पहिली रिव्हॉल्व्हर कमरेच्या पट्ट्यात, दुसरी हातात, रिंगणाच्या टोकाला ठेवलेल्या पिंपाला वळसा आणि शेवटचे पाच एका रेषेत, सॉर्गम पूर्ण वेगात. धूर, टापा, फट्‌, फट्‌, फट्‌. शेवटचा फुटला तेव्हा ती किंचाळली, हे तिला मायलोनं नंतर सांगितलं.

"दहापैकी दहा!" भोंग्यातून आवाज आला. "एकही दंड नाही! व्हर्लीन ह्रुश्का, आपल्या गटात पहिली!"

तिनं घोडा वळवून ट्रकजवळ आणला. बाबांनी खिडकीतून हात काढून सॉर्गमच्या मानेवर थाप मारली. मुलीला शाबासकी द्यायची ही त्यांची रीत होती.

"शेवटच्या वळणात लगाम ढिला पडला तुझा," ते म्हणाले. डोळे मात्र वाहत होते आणि ते पुसायची तसदी त्यांनी घेतली नाही.

सोमवारी गावातल्या कॅफेत बाबा तास-दोन तास बसले. शेजारच्या टेबलावरच्या एका तरुणानं जुन्या घडणीची तारीफ सुरू केली तेव्हा म्हाताऱ्यानं त्याला हातानं थांबवलं.

"हे बघ पोरा, घोडा खाली हवा आणि रुंद हवा. मी माझ्या मुलीला पहिल्यापासून हेच सांगत होतो."

कोपऱ्यात बसच्या चाव्या घेऊन उभ्या असलेल्या व्हर्लीननं ते ऐकलं. तिनं कॉफीचा पेला भरून घेतला आणि बापाला खोटं पाडलं नाही.