पहिल्या हाकेला

ललिताआत्या पहिल्या हाकेला ओ देत नाही. भिवंडीत धामणकर नाक्याच्या आतल्या गल्लीत ज्या लूमच्या कारखान्यात ती सुताच्या कांड्या भरते, तिथे हे आता सगळ्यांना पाठ झालंय. कारखान्यावर देखरेख करणारा मेहता नवा आला होता तेव्हा त्याला ठाऊक नव्हतं. तो दारातूनच ओरडला, "ललिता!" आत्या त्याच्या समोरच बसलेली. सूत सरसर कांडीवर चढत होतं आणि तिचे डोळे सुतावर.

"ललिता! अरे, बहरी है क्या?"

"हां, बोलो."

"पहले सुनाई नहीं दिया?"

"दिया ना. हमारे में पहली बार में नहीं बोलते."

"तुम्हारे में मतलब? महारानी लोगों में?"

सगळ्या बाया हसल्या, आत्याही हसली. पण दुसऱ्या दिवशीही तिने पहिल्या हाकेला मान वर केली नाही, आणि शेवटी मेहताच सुधारला.

ही आमच्या मोहपाड्याची रीत. पहिली हाक कुणाची ते काय सांगावं? दुसऱ्यांदा नाव आलं तर माणूस समजायचं. माझा जन्म टेमघरचा, चाळीतला, पण शाळेत हजेरीला मीसुद्धा पहिल्या "पूर्वा"ला गप्प बसायचे आणि बाईंची बोलणी खायचे. भुताखेताची भीती असेल, एवढंच आम्हाला वाटायचं.

मग आजा गेला. मंगळ्या, आत्याचा आणि माझ्या वडिलांचा बा. तरुणपणी पाडा सोडून भिवंडीत आला आणि हातपाय चालत होते तोवर कापडाच्या गाठी उचलल्या त्याने. बोलणं फार कमी. कुणाला बोलवायचं झालं तर तो जागेवरून उठायचा, जवळ यायचा आणि खांद्याला हात लावायचा. लूमच्या खडखडाटात राहिलेल्या माणसांची ही सवय, असं आम्ही म्हणायचो. मरायच्या आदल्या दिवशीसुद्धा त्याने पाणी हवं म्हणून हाक मारली नाही. खाटेवरून हात लांब करून आत्याच्या खांद्यापर्यंत पोचायची धडपड केली.

तो गेल्यावर महिनाभरात आत्या मला जिन्यात गाठून म्हणाली, "पूर्वे, आज परत आली."

"काय आली?"

"हाक. सगळे लूम चालू. बाजूची काय बोलते ते कळत न्हाय, आणि त्यातून साफ येते. ललि-ताऽऽ. एकदाच."

"आवाज कोणाचा?"

"बाप्याचा. बाचाच असंल, दुसरा कोणाचा? अजून वाटेतच हाय गं तो. त्याचा दिस नीट करायला पायजे."

दिस म्हणजे गेलेल्याला पुढे पोचवायचा विधी. भाताची झोडणी आटपल्यावर आम्ही मोहपाड्यावर गेलो. पाड्यावर सगळ्यांचे दिस करणाऱ्या राघोआजाने पितळी थाळी मांडीत घेतली, मधोमध मेणाने एक काडी उभी चिकटवली आणि ओल्या बोटांच्या चिमटीत ती वरून खाली ओढायला लागला. थाळीतून घुमारा निघाला, विहिरीत तोंड घालून कुणी हुंकार भरावा तसा. पुढे काशाच्या वाटीत पाणी. पाण्यावर तांदळाचे दोन दाणे हलकेच सोडले. एक गेलेल्याचा, एक त्याच्या बापाचा. हुंकारावर बापाला बोलवायचं, तो आला की दाणे एकमेकांना चिकटतात आणि मग पोराची काळजी मिटली.

पण बोलवायचं नुसत्या नावाने नाही. पाड्यावर बाप्यांची नावं बहुतेक जन्मवारावरून. मंगळवारचा तो मंगळ्या, बुधवारचा बुध्या. पूर्वजांत बुध्ये किती होऊन गेले असतील! म्हणून नावाला काम जोडायचं. कोळसा पाडणारा सोम्या, होडी ओढणारा शुक्र्या. मेलेला माणूस स्वतःचं नाव विसरतो, राघोआजा म्हणतो, पण हाताचं काम विसरत नाही.

"मंगळ्याचा बा बुध्या," राघोआजाने विचारलं. "काम?"

"शेतकरी," माझे वडील म्हणाले.

"शेती करणाऱ्या बुध्या, येऽ," राघोआजा गायला लागला.

दाणे हलले नाहीत. काडी ओढून ओढून त्याची बोटं लाल झाली. दोन दाणे वाटीच्या दोन कडांना चिकटून राहिले, भांडलेल्या माणसांनी दोन भिंतींना पाठ लावावी तसे.

राघोआजाने थाळी पालथी घातली. "काम चुकलंय. नीट शोधून आणा. पावसाच्या आत आणा. एका माणसासाठी थाळी दोनदाच वाजते."

"आणि न्हाय सापडलं तर?" आत्याने विचारलं.

"तर राहतो उंबऱ्यावर. ना आत ना भायेर."

त्या दिवसापासून आत्याने कांड्या भरल्या त्या हातांनी फक्त. डोकं तिचं बुध्याच्या मागे. रविवार आला की मला घेऊन निघायची. वडिलांनी आजाच्या शाळेचा जुना दाखला शोधून काढला. त्यात लिहिलेलं, बापाचा धंदा शेती.

"घे. सरकारी कागद हाय," ते म्हणाले.

"दिन्या, त्या वक्ताला मोहपाड्यावर जमीन कोणाची होती? सगळी मालकाची. मग हा शेती करायचा ती काय आभाळात?"

"मास्तरने सगळ्यांचंच शेती लिहिलं असंल."

"तेच बोलते मी."

पाड्यावर गेलो. गुणाबाई अंगणात तांदूळ पाखडत होती, पाड्यावरची सगळ्यात जुनी बाई. आत्याने विचारलं, "मावशे, आमचा आजा बुध्या काय काम करायचा गं?" गुणाबाईचं सूप थांबलं. तिने ते खाली ठेवलं, उठली आणि आत गेली. आम्हाला वाटलं, पाणी आणायला गेली. बराच वेळ बसलो. कोंबड्यांनी सुपातले दाणे टिपले, कुणी हाकललं नाही. मग आतून कडी लागल्याचा आवाज आला.

परतीच्या वाटेवर आत्या एकदम थांबली आणि मागे वळून बघितलं.

"आली?" मी विचारलं.

"इथं पण आली." तिच्या दंडावर काटा उभा होता. "पूर्वे, बा इतका घाईला आलाय. चल, खारबावला जाऊ."

खारबावला रंगूआजी राहते, आजाची धाकटी बहीण. ती ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसली होती. आत्याने पिशवी मांडीवर घेतली आणि टेकल्या टेकल्या विचारलं.

"आत्या, तुझा बा काय काम करायचा?"

"आली का शेवटी! मना वाटलं, मंगळ्यासोबत हे पण जळलं." रंगूआजीने शेंग सोलणं थांबवलं नाही. "चहा घ्या आणि जा."

"बाचा दिस लागत न्हाय. दाणे लांब राहतात."

"राहणारच."

"मग सांग ना! तुझ्या भावाला उंबऱ्यावर ठेवते का?"

शेंगा सोलणारे हात थांबले. रंगूआजी बोलली ती आमच्याकडे न बघता.

"हाका मारायचा. तेच त्याचं काम. मालकाची वेठ असायची. उजाडायच्या आधी हा काठी घेऊन पाड्याच्या मधोमध उभा राहायचा आणि नावं घ्यायचा. ज्याचं नाव आलं त्याने उठायचं, कोयता घ्यायचा आणि चालायचं. ताप असू दे, घरात मढं असू दे. एकदाच हाक. दुसऱ्या हाकेच्या जागी मालकाची माणसं यायची, दोरी घेऊन."

मी आत्याकडे बघितलं. आत्या माझ्याकडे.

"म्हणून आपल्यात पहिल्या हाकेला..." मी म्हटलं.

"वेठ गेली तेव्हा पाड्याने ठरवलं. आता कोणाच्या बापाच्या पहिल्या हाकेला उठणार न्हाय." रंगूआजी हसली, पण तोंडानेच. "कोणाच्या बापाच्या म्हणजे माझ्याच की गं."

"पण दाणे लांब राहणारच, असं का बोललीस? बा रागावला होता का त्याच्यावर?"

"मी नुकती झालेली. आयेचं अंग अजून ओलं. त्या दिवशी मालकाला गवत कापायला माणसं कमी पडली. बाने सगळ्या पाड्याची नावं घेतली. मग जरा थांबला. मंगळ्या सांगायचा, थांबला तेव्हा वाटलं, संपलं. मग त्याने आयेचं नाव घेतलं."

"स्वतःच्या बायकोचं?"

"ठमी. मना मंगळ्याच्या मांडीवर टाकली आणि गेली. गवतातच पडली ती दुपारी, परत उठली न्हाय. मंगळ्या मोठा झाला तसा पळाला भिवंडीला, बापाच्या दिसालापण आला न्हाय. मी राहिले. म्हातारा झोपेत हाका मारायचा. रोज. तशाच, अशा..."

आणि तिने मारली. पाठ ताठ झाली, हनुवटी वर, डोळे मिटलेले. त्या वाळक्या बाईच्या गळ्यातून जो बाप्याचा आवाज आला तो कुठून आला ते मला अजून सांगता येणार नाही.

"ठ-मेऽऽ!"

आत्या उठून उभी राहिली होती. पिशवी मांडीवरून पडली, त्यातले पेरू ओटीवर गडगडले, आणि ती दाराकडे तोंड करून उभी.

"आत्या?" मी म्हटलं. मग परत, "आत्या!"

"मी उठले का गं?" तिने आपल्या पायांकडे बघितलं. "हीच. कारखान्यात येते ती हीच हाक."

"मंगळ्याची असंल," रंगूआजी म्हणाली, पण तिलाच ते पटलं नव्हतं.

आत्याने हळूच स्वतःच्या खांद्यावर हात ठेवला. "बाने मला कधीच नावाने हाक मारली न्हाय. कोणालाच न्हाय मारली. मला त्याच्या तोंडून माझं नाव कसं लागतं तेच म्हायत न्हाय." मग अगदी बारीक आवाजात, "माझा आजा बोलावतोय मला, बुध्या. इतके महिने."

मी पेरू गोळा केले. निघताना आत्या उंबऱ्यातून वळली.

"आत्या, ठमीचं स्वतःचं काम काय होतं? गवत नको सांगू, ते मालकाचं."

रंगूआजीचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. "कंद खोदायची. कडूकंद कुठं लागलाय ते वेलावरून ओळखायची. भात संपलं की अर्धा पाडा तिच्या मागं रानात."

करवंदं पिकायला लागली तेव्हा दुसऱ्यांदा थाळी बसली. उन्हं उतरलेली. आत्याने राघोआजाला सगळं सांगितलं. त्याने नुसती मान हलवली.

"तुला ठाव होतं, काका?"

"सगळ्यांना ठाव हाय. घरच्यांच्या तोंडातून यायला लागतं. मी कसं बोलू?" त्याने आजूबाजूच्या घरांकडे बघितलं. दारं लागलेली होती. "आता त्या कामाने त्याला बोलवायचं तर ऐक. ह्या पाड्याचे सगळे मेलेले ती हाक ओळखतात. उठून चालायला लागले तर परत कोण बसवणार?"

"त्याला बोलवायचाच न्हाय. ठमीला बोलव."

"बाईला? बापाकडं सोपवतात गं. रीत हाय."

"मागल्या टायमाला तू बघितलंस, काका. दोन्ही दाणे कडेला होते. बुध्या आला न्हाय असं आपण बोललो. पण बाचा दाणा तरी कुठं हलला? तो जाणारच न्हाय त्याच्याकडं. तू तिसरा दाणा टाक. दाणाच सांगंल."

वडील काहीतरी बोलणार होते. आत्याने त्यांच्या खांद्याला हात लावला, तसे ते गप्प झाले.

तिसरा दाणा पाण्यावर पडला. काडी घुमायला लागली. राघोआजाने आत्याला खूण केली, तूच बोल.

"ठमे," आत्या म्हणाली. गात नाही, ओरडत नाही, शेजारच्या बाईला बोलवावं तशी. "कंद खोदणारे ठमे."

पाणी हललं नाही. राघोआजाची बोटं थांबायला लागली.

"थांब," आत्या म्हणाली. "पहिल्या हाकेला कशी येईल? आपल्यातलीच हाय ती."

तिने श्वास घेतला. "ठमे. ये गं. तुझा मंगळ्या आणलाय."

आजाचा दाणा कडेपासून सुटला. इतका हळू की मला वाटलं माझाच डोळा हलतोय. नव्या दाण्याकडे गेला, जरा अंतरावर अडला, आणि मग टेकला. तसाच राहिला. वडील रडायला लागले, मोठ्याने, लहान पोरासारखे.

उरलेला बुध्याचा दाणा तेवढा कडेकडेने फिरत होता. वारा नव्हता. काडी थांबली तरी तो फिरत राहिला.

"ह्याचं काय?" राघोआजाने विचारलं.

"ह्याचं मी बघते."

त्यानंतरच्या आठवड्यात मी कारखान्यात आत्याला खोलीची चावी द्यायला गेले. सगळे लूम चालू, कानाला काही लागत नव्हतं. मी तिच्याजवळ पोचते तोच तिची मान वर झाली. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. तिने सूत तोडलं, मशीन बंद केलं आणि दाराकडे वळली. दारात कुणी नव्हतं, नुसतं पांढरं ऊन.

"ओ," आत्या म्हणाली.

पहिल्या हाकेला ओ दिलेली मी आमच्या घरात कधीच ऐकली नव्हती.

"ऐकलं, आजा. येणार न्हाय."

लूमच्या पलीकडून मेहता ओरडला, "किसको नहीं बोल रही है?"

"घर का आदमी है."

तिने तुटलेल्या सुताला गाठ मारली आणि मशीन सुरू केलं. कांडी भरत आली तेव्हा मी वाकून तिच्या कानाशी विचारलं, "गेला?"

"दाराशी हाय." तिने रिकामी कांडी चढवली. "त्याला 'न्हाय' कोणी बोललंच नव्हतं गं. उभा राहून विचार करतोय."