परक्यांची खुर्ची

आत्या शिलाई मशीन दुरुस्त करते. मोठ्या शहरातल्या कपड्यांच्या कारखान्यात तिच्या हाताखाली चार मेकॅनिक आहेत, सुटे भाग फोन केला की दारात येतात. तरी वर्षातून एकदा काहीतरी निमित्त काढून ती भंगारगल्लीत जातेच, जिथं ती जन्मली. का जाते, याचं मला फार कुतूहल. त्या गल्लीविषयी ती बरं असं कधी बोललेली नाही. आजोबांचं डोकं तिथंच फुटलं, वजनकाट्यावरच्या भांडणात. तिच्या भुवईतला व्रणही तिथलाच. "सुटले बाई एकदाची," हे तिचं पालुपद.

यंदा मागे लागून मी सोबत गेले. वाटेत तिनं गल्लीची रीत सांगितली. गिऱ्हाइकाला खुर्ची पुसून देतात, आपल्या माणसाला टोमणा आणि काम. "मागच्या खेपेला म्हणाला, आली का भवानी? ती तार गुंडाळ आधी!"

म्हणाला तो गंजोबा, तिचा लहानपणचा शेजारी. आम्ही त्याच्या भंगाराच्या दुकानाशी पोचलो, तर आम्हाला बघून तो उठला आणि फडक्यानं खुर्ची पुसू लागला.

"बसा ताई. काय दाखवू?"

आत्याचा चेहरा खर्रकन उतरला. "अरे, मी आहे!"

"ओळखलं की. मोठ्या माणसांना कोण विसरतं? बसा."

ती बसली नाही. एका खोक्यातले गिअर उगाच उलटेपालटे करत राहिली. गंजोबा पुन्हा कामाला लागला. जुन्या मोटरीत अडकलेलं बेअरिंग तो हातोडीनं ठोकत होता. दोन घाव तिनं सोसले.

"गाढवा, कवच फुटेल! आधी तापव."

"तापव म्हणे! एवढा पुळका आहे तर स्वतः कर. उभी काय राहिलीस खांबासारखी?"

आत्यानं पर्स माझ्या अंगावर टाकली आणि बाह्या सरसावल्या. गंजोबा खुशाल त्या पुसलेल्या खुर्चीत बसून अक्कल शिकवू लागला. बेअरिंग निघेपर्यंत दोघांनी एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. आत्याला इतकं हसताना मी घरी पाहिलं नव्हतं.

मग त्यानं शेजारच्या बंद शटरकडे हनुवटी उडवली. "तुझ्या बापाचा गाळा रिकामा झालाय. मालक तुला नाही म्हणणार नाही. ये परत."

ती शटरपाशी गेली. कुलूप तळहातावर घेतलं, वजन बघावं तसं, आणि सोडून दिलं.

"मेले तरी नाही."

"मग येतेस कशाला इथं?"

"तुझं तोंड बघायला. असं दुसरं कुठं मिळत नाही."

परतताना बसमध्ये मी विचारलं, "खरंच नको तो गाळा?"

"नको गं. कुणाचं तरी डोकं फोडून बसेन." तिनं रुमालानं नखांतलं ग्रीस पुसलं. मग म्हणाली, "पण दुसऱ्या कुणाला दिला, तर मला नाही आवडणार."